पोछा सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धंतोलीत दवाखान्यांच्या गल्लीत १४ खोल्यांचं गेस्ट हाऊस, उन्हाळाभर एकही खोली रिकामी नाही, शेजारच्या दोन प्लॉटवर बांधकाम सुरू. जूनच्या सुरुवातीला दोन दिवस बुकिंग बंद ठेवून एका एजन्सीकडून सगळं पाण्याने धुऊन घेतलं, वरून फिनाइल मारलं. चौथ्या दिवशी टेबलावर बोट फिरवलं तर पुन्हा पांढरी रेघ, भिंतींवर मातीचे ओघळ, आणि खोलीत शिंका येतात अशी गेस्टची तक्रार. आता तुम्ही विचारताय की केमिकल कोणतं आणावं, मशीन कोणतं घ्यावं आणि पुन्हा किती दिवस बंद ठेवावं लागेल.

मी २२ वर्षं नागपुरात हाऊसकीपिंगचं काम करते. सुरुवात सीताबर्डीतल्या लॉजमध्ये झाली, आता सहा-सात गेस्ट हाऊसची उन्हाळ्यानंतरची सफाई माझ्याकडे असते. तुमच्या प्रश्नात मला केमिकलची अडचण कुठेच दिसत नाही. तुमच्या लोकांनी मेहनतही भरपूर केली असणार. पण त्यांनी धूळ आधी भिजवली, आणि जिथून ती खोलीत येते त्या जागा तशाच सोडल्या. या दोन गोष्टी सुधारल्या तर गेस्ट हाऊस एक दिवसही पूर्ण बंद ठेवावं लागणार नाही.

आधी ही धूळ म्हणजे काय ते बघू. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे हवेतला ओलावा २० टक्क्यांच्याही खाली जातो. सगळं इतकं कोरडं असतं की माती पिठासारखी उडते. तुमच्याकडे त्यात शेजारच्या बांधकामाचं सिमेंट आणि ग्राइंडरची बुकटी मिसळते. आत आली की तिला चादरी-पडद्यांचे तंतू, केस आणि पँट्रीतल्या फोडणीचा तेलकट थर भेटतो. ही धूळ कोरडी असते तोवर ब्रशला आणि व्हॅक्यूमला सहज निघते. पाणी लागलं की मातीचा चिखल होऊन कोपऱ्यात बसतो आणि सिमेंट तर जागेवरच धरतं. खिडकीच्या चॅनलमध्ये (तावदान सरकतं त्या खाचेत) एकदा धरलेलं सिमेंट मग स्क्रू-ड्रायव्हरने खरवडावं लागतं. भिंतीवरचे ओघळ यातूनच आले आहेत: वरच्या कडेला बसलेली धूळ कोणी काढली नाही, पाणी ती घेऊन खाली आलं.

म्हणून उन्हाळ्यानंतरच्या सफाईत मी पहिले तीन-चार तास खोलीत पाण्याची बादली येऊच देत नाही. नवीन मावशींना हे विचित्र वाटतं, कारण आपल्याकडे स्वच्छता म्हणजे पोछा असंच लहानपणापासून डोक्यात असतं.

तुम्ही आज रात्री एक करून बघा. एक खोली घ्या, दिवे बंद करा, पंखा बंद करा, आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. वरून उजेड पडतो तेव्हा न दिसणारी धूळ आडव्या उजेडात वाळूसारखी उठून दिसते. पडद्याच्या पेल्मेटवर (दांडी झाकणाऱ्या वरच्या पट्टीवर), दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेवर, फोटोच्या फ्रेमवर, पंख्याच्या पात्याच्या पुढच्या धारेवर, पलंगाच्या हेडबोर्डमागे, स्विचबोर्डच्या डोक्यावर टॉर्च फिरवा. गेल्या वर्षी रामदासपेठेतल्या एका खोलीत मी असंच पाहिलं होतं. फरशी आरशासारखी, बाथरूम चकचकीत, आणि पेल्मेटवर बोट घातलं तर पेर बुडेल एवढा राखाडी थर. पंखा सुरू केला तर दोन मिनिटांत टॉर्चच्या झोतात धुळीचे कण नाचायला लागले. रोज पोछा मारणारी मुलगी तिथेच उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची काही चूक नव्हती, तिला वर बघायला कोणी सांगितलंच नव्हतं.

टॉर्च फिरवताना धूळ कोणत्या बाजूला जास्त आहे तेही नीट बघा. सगळीकडे सारखी असेल तर ती वरच्या कडांवरून पंख्याने पसरते आहे. दाराजवळ जास्त असेल तर कॉरिडॉर आणि चपला. खिडकीच्या बाजूला जास्त असेल तर चॅनलच्या फटी. आणि कूलरच्या तोंडासमोरच्या टेबलावर, उशीवर जास्त असेल तर कूलर. तुमची ‘चौथ्या दिवशी पांढरी रेघ’ वाचून माझा पहिला संशय कूलरवरच गेला.

कारण सांगते. कूलर दिवसभर बाहेरची हवा ओढतो. ताट्या (पाण्याने भिजणारे बाजूचे पॅड) ओल्या असतात तोवर बरीचशी धूळ त्यांना चिकटते आणि थोडी खाली टाकीत उतरते. बोअरचं पाणी वापरत असाल तर ते जड असतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि मेअखेर वाळ्याची ताटी पांढरी, कडक, पापडासारखी होते. मग जून लागतो, हवा दमट होते. गेस्ट पंप बंद करतो आणि कूलरचा नुसता पंखा चालवतो, कारण पाण्याने चिकचिक वाढते. त्याचं काहीच चुकत नाही, आपण घरी हेच करतो. पण पंप बंद झाला की ताट्या वाळतात, आणि दोन-अडीच महिने साठलेली माती आणि क्षार वाऱ्याबरोबर थेट पलंगावर येतात. तुम्ही खोली दहा वेळा धुतली तरी हा कारखाना खिडकीत सुरूच राहणार.

तेव्हा सफाईची सुरुवात कूलरपासून. आधी खोलीतल्या बाजूने कूलरचं तोंड जुन्या चादरीने झाका. मग पंखा बंद ठेवून फक्त पंप १५ मिनिटं चालवा, म्हणजे ताट्या भिजतील आणि काढताना धूळ उडणार नाही. मग प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, ओल्या पत्र्याला हात लावायचा आहे. ताट्या तिथेच पोत्यात भरा, पोत्याचं तोंड बांधा आणि शक्यतो मागच्या जिन्याने खाली न्या. वाळा किंवा लाकडी भुशाच्या ताट्या टाकून द्या, पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नका. मधपोळ्यासारखे पॅड असतील तर ते धुऊन पुन्हा चालतात: एक लिटर कोमट पाण्याला दोन मोठे चमचे लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड), अर्धा तास भिजवायचे आणि साध्या पाण्याने धुवायचे.

टाकी नुसती रिकामी करून सोडू नका, काथ्याने किंवा ब्रशने आतून घासा. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात आणि पावसाचं पाणी लागलं की फुटतात. तुमच्या गेस्ट हाऊसमध्ये आधीच आजारी माणसं आणि त्यांचे नातेवाईक राहतात, तिथे हे कष्ट वाया जाणार नाहीत. शेवटी कूलर खिडकीतच राहणार असेल तर त्याच्या तोंडावर जाड प्लास्टिक टेपने घट्ट लावा. कूलर आणि खिडकी यांच्यातला पुठ्ठा-थर्माकोल काढून तिथे नीट कापलेली फोमची पट्टी बसवा. त्या पुठ्ठ्याच्या फटीतून किती हवा येते ते बघायचं असेल तर अगरबत्ती जवळ धरा, धूर लगेच आत वळतो.

आता खोलीचा क्रम. आधी एसी असेल तर त्याचं सर्व्हिसिंग, कारण पाण्याची फवारणी केली की काळं पाणी उडतं आणि ते स्वच्छ भिंतीवर नको. एसीच्या जाळ्या तुमच्या माणसांनीच महिन्यातून दोनदा धुवायच्या, त्याला मेकॅनिक लागत नाही. मग चादरी-अभ्रे आहेत तिथेच आतल्या बाजूला गुंडाळून पिशवीत घाला, झटकू नका. पडद्यांवर आधी ब्रश लावून वरून खाली व्हॅक्यूम फिरवा, मग काढून धुवायला द्या. गादीवर स्वच्छ जुनी चादर टाका, कारण वरची धूळ आता तिच्यावर पडणार आहे.

त्यानंतर छत, पंखा, पेल्मेट, चौकटी. पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा मोज्यासारखा चढवून दाबून ओढा, धूळ अभ्र्यातच राहते. पेल्मेटला दोन इंची रंगाचा ब्रश एका हातात आणि व्हॅक्यूमचं तोंड दुसऱ्या हातात: ब्रशने सुटलेली धूळ तिथल्या तिथे ओढली जाते. जाळी-जळमटांना लांब दांड्याचा झाडू चालेल, पण कापड गुंडाळून.

आणि मग खोली बंद करून बाहेर या. पंखा बंदच. जाड कण काही मिनिटांत खाली बसतात, पण दोन-अडीच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण स्थिर हवेतही छतापासून जमिनीवर यायला तासाहून जास्त वेळ घेतो. शिंकांमागे ही बारीक धूळही असू शकते. वरचं झालं की लगेच खालचं पुसून खोली देऊन टाकली, तर ती रात्री स्वच्छ फरशीवर आणि गेस्टच्या उशीवर उतरते. त्यामुळे मी दोन खोल्या जोडीने घेते. पहिल्या खोलीचं वरचं काम संपलं की दोन तास ती बंद, तेवढ्यात दुसरीचं वरचं काम. मग परत पहिलीत येऊन फर्निचर, हेडबोर्डची मागची बाजू, खिडकीची चॅनल, शेवटी जमीन. हे सगळं अजून कोरडंच चाललंय. फडा, म्हणजे नेहमीचा झाडू, मात्र या दिवशी वापरू नका, तो बारीक धूळ पुन्हा उडवतो.

त्यानंतर पहिल्यांदा ओला फडका, तोही घट्ट पिळलेला. मायक्रोफायबरची घडी दोनदा घातली की आठ बाजू मिळतात, प्रत्येक बाजू एकदाच वापरायची. हे फडके धुताना कपड्यांचं सॉफ्टनर घालू नका, तंतूंवर थर बसतो आणि ते धूळ पकडेनासे होतात. भिंतीला प्लास्टिक पेंट असेल तर ओला फडका चालतो. डिस्टेंपर असेल तर कोरडंच, जास्तीत जास्त दमट कापड. तुमच्या ओघळ पडलेल्या भिंती डिस्टेंपरच्या असतील तर त्या घासू नका, डाग पसरेल आणि चट्टे पडतील. तिथे पावसाळा संपल्यावर एक हात रंग देणं स्वस्त पडेल. पोछ्याला दोन बादल्या, एक धुवायची आणि एक पिळायची, आणि प्रत्येक खोलीला नवं पाणी.

या हिशोबाने तिघांची टोळी दिवसाला दोन खोल्या करते. एक वरचं काम करणारा, एक खालचं, एक धुणं-गाद्या-सामान बघणारा. सकाळी नऊला चेक-आउट झालेल्या दोन खोल्या घ्या, संध्याकाळी सहापर्यंत तयार होतात. सात दिवसांत १४ खोल्या, आठव्या दिवशी जिना, कॉरिडॉर आणि स्टोअर. वरच्या मजल्यापासून खाली या. एका मजल्यावर आधी बांधकामाच्या बाजूच्या खोल्या घ्या. बांधकाम कोणत्याच बाजूला नसतं तर पश्चिमेच्या घेतल्या असत्या, कारण उन्हाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिम-वायव्येचा. काम चालू असलेल्या खोलीच्या दाराखाली ओलं पोतं सरकवून ठेवा, म्हणजे शेजारच्या खोलीतल्या पेशंटला त्रास नको.

ज्यांचे गेस्ट जंगल सफारीवाले आहेत त्यांना हे सोपं जातं. ताडोब्याचा कोअर भाग १ जुलैपासून तीन महिने बंद असतो, तेव्हा खोल्या आपोआप रिकाम्या होतात. तुमच्याकडे तो खंड नाही, दवाखान्याला सीझन नसतो. शिवाय पाऊस जूनच्या मध्याला येतो आणि ओलावा आला की हीच धूळ चिकट होते, तिच्यात बुरशी आणि धुळीतले बारीक किडे वाढतात. तुमची तारीख त्यामुळे पावसाच्या आधीची. एखादी सर येऊन गेलीच असेल तर दोन दिवस कडक ऊन पडू द्या, मग सुरू करा.

मशीनबद्दल: ड्रमवाला, ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम घ्या, पण हेपा फिल्टर (अगदी बारीक धूळही अडवणारी गाळणी) बसतो असाच. साधा व्हॅक्यूम पुढून धूळ ओढतो आणि बारीक धूळ मागून सोडतो. दुकानातच अंधार करून मशीनच्या मागे टॉर्च धरा, दिसेल. फिल्टर खोलीत झटकू नका, गच्चीवर मास्क लावून.

केमिकल बाकी फार लागत नाही. साधा लिक्विड साबण, लिंबूफूल आणि बाथरूमचं एक जंतुनाशक. क्षार चढलेल्या सिरॅमिक टाइलला आणि नळाला लिंबूफूल ठीक. पण कोटा, संगमरवर किंवा जुनी मोझॅक असेल तर लिंबूफूलसुद्धा नको, कोणतंही आम्ल चुन्याचा दगड खातं आणि गेलेली चमक पॉलिशशिवाय परत येत नाही. टॉयलेटचं ॲसिड नळावर टाकलं तर क्रोम काळवंडतो.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. माझ्या कामाच्या चौथ्या की पाचव्या वर्षी मी एका मावशीला संडासात ब्लीच टाकून ठेवायला सांगितलं. नंतर डाग जात नाही म्हणून तिने त्यावरच ॲसिड ओतलं. बाथरूमचं दार लोटलेलं होतं, एक्झॉस्ट धुळीने जाम. ब्लीच आणि ॲसिड मिळून क्लोरीन वायू होतो हे मला तेव्हा माहीत होतं, तिला मी सांगितलेलं नव्हतं. ती खोकत बाहेर आली, ओठ निळसर. दवाखान्यात ऑक्सिजन लावून रात्रभर ठेवावं लागलं. ती बरी झाली, पण त्या दिवसापासून माझ्या कामावर ब्लीच आणि ॲसिड एका मजल्यावर कधीच नसतात. ब्लीचची बाटली माझ्या कपाटात कुलपात असते आणि एका बाथरूमला एकच बाटली दिली जाते. तुम्हीही हा नियम करा. तुमच्या एजन्सीची मुलं रोज बदलत असतील तर तो बाटलीवर मराठीत आणि हिंदीत लिहून चिकटवा.

कोरडं आधी या नियमाला एक अपवाद आहे, तो विसरू नका: पारव्यांची विष्ठा. बाल्कनीत किंवा डक्टमध्ये ती असेल तर कोरडी झाडू नका, तिच्यातले बुरशीचे कण छातीत जातात. आधी साबणाच्या पाण्याचा फवारा, पूर्ण भिजू द्या, मग पत्र्याने खरवडून पिशवीत. एन-९५ मास्क आणि हातमोजे लावूनच. खरं तर कोरड्या कामालाही तोच मास्क द्या. सिमेंटच्या बुकटीत सिलिका (वाळूतला, फुप्फुसांना बाधणारा घटक) असते, तोंडाला ओढणी बांधून ती अडत नाही. मास्कचा खर्च सफाईच्या खर्चातच धरा, माणसांना आणायला सांगू नका.

गाद्यांना दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम आणि मग कडक ऊन. गच्ची आधी झाडून-धुऊन वाळवा, खाली स्वच्छ चादर अंथरा, आणि चार वाजायच्या आत गाद्या आत घ्या, कारण या दिवसांत दुपारनंतर वावटळ कधी उठेल सांगता येत नाही. काठीने बडवू नका. चादरी आणि अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुवा, त्याने धुळीतले किडे मरतात. केमो चाललेल्या किंवा नुकतं ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या खोलीत सफाईनंतर फिनाइलचा उग्र वास आणि रूम फ्रेशनर दोन्ही टाळा. बांधकामाच्या धुळीत बुरशीचे बीजकण असतात, अशा पेशंटला ते धोक्याचे, म्हणून त्या खोल्यांत तो दोन तासांचा खंड कधीच कापू नका.

धूळ पुन्हा येऊ नये म्हणून दोन-तीन गोष्टी. मुख्य दाराबाहेर काथ्याचं जाड पायपुसणं आणि आत ओलं टिपणारं दुसरं, दोन्ही मिळून माणसाची चार-पाच पावलं पडतील एवढं लांब. शेजारच्या ठेकेदाराशी शांतपणे बोला: हिरवी जाळी लावा, कटिंग करताना पाणी मारा. बहुतेक वेळा ऐकतात, आणि दवाखान्याची गल्ली आहे म्हटल्यावर जास्तच ऐकतात. पेल्मेट, पंखे आणि चौकटींच्या वरच्या कडा महिन्यातून एकदा, तारीख ठरवून. आणि दुसरी मोठी सफाई दसऱ्याआधी धरा. दीक्षाभूमीची गर्दी, मग दिवाळी, मग डिसेंबरचं विधिमंडळाचं अधिवेशन असं सगळं लागून येतं, मधे श्वास घ्यायला वेळ मिळत नाही.

उद्यापासून सुरू करणार असाल तर पहिली खोली स्वतः उभं राहून करून घ्या, चॅनल स्वतः बघा. सरकत्या खिडकीच्या खालच्या चॅनलमध्ये बाहेरच्या बाजूला छोटी छिद्रं असतात, पावसाचं पाणी जायला. उन्हाळ्याच्या मातीने ती हमखास बुजलेली असतात. जुना टूथब्रश आणि तार घालून ती कोरडी असतानाच मोकळी करा. मग तांब्याभर पाणी चॅनलमध्ये ओता आणि बाहेर पडतं का बघा. पडलं की त्या खिडकीचं काम झालं, पुढच्या खोलीत जा.